तपकिरी शाईत पांढरी

आमच्या छापखान्यात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. मी बाइंडिंगला आहे, माझं नाव सुई. पुस्तकं शिवते म्हणून ठेवलं की टोचून बोलते म्हणून, ते मालकांनाच ठाऊक. आणि मोठ्या मशीनवर अडतीस वर्षं जे उभे आहेत, ते उजळमामा. या नावात कधी कुणाला काही खटकलं नाही. उलट ती पदवीच होती. कुणी घरच्या लग्नाचा अल्बम छापायला आणला, शाळेने वार्षिक अंक आणला, कंपनीने साहेबांचे फोटो असलेला अहवाल आणला, की काउंटरवर एकच वाक्य ऐकू यायचं, "चेहरे तेवढे उजळ येऊ द्या हं." मामांना ते दोनदा सांगावं लागत नसे. पहिला कागद निघाला की ते तो खिडकीशी न्यायचे, कारण ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मान तिरकी करून बघायचे, परत येऊन काळ्या शाईला जरा आवर घालायचे, निळीला जरा. गिऱ्हाईक अल्बम उघडून म्हणायचं, "अरे, आमची मंडळी इतकी देखणी आहेत हे आम्हालाच माहीत नव्हतं!"

छापलेलं ते वाचायचे मात्र नाहीत. "छापणारा वाचत बसला तर मशीन कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांनी शब्दकोश छापले, निवडणुकीची पत्रकं छापली, दोन पंथांच्या एकमेकांना शिव्या देणाऱ्या पुस्तिका एकाच दिवशी छापल्या. त्यातली एक ओळ विचाराल तर शपथ.

मामांनी लग्न केलं नाही. त्यांना एक धाकटी बहीण होती. तिने एका नर्सशी लग्न केलं. पुरुष नर्स, लांबच्या देशातून इथल्या हॉस्पिटलात कामाला आलेला, उंच, मितभाषी आणि गडद तपकिरी रंगाचा. इंजेक्शन द्यायला त्याच्याइतका हलका हात अख्ख्या वॉर्डात नव्हता, पण त्याला बघून पेशंट विचारायचे, "दुसरं कुणी नाही का?" मामांच्या आईवडिलांनी मुलीचं नाव टाकलं. मामांनी नाही टाकलं. ते दर रविवारी मेव्हण्याकडे चहाला जायचे आणि दोघं मिळून तासभर काहीही न बोलता बसायचे. त्यांची मैत्री तशीच होती.

भाची सात वर्षांची असताना तिची आई गेली. बापाला रात्रपाळी, म्हणून पोर झोपायला मामांकडे आली आणि हळूहळू तिथलीच झाली. तिचे केस बापासारखे दाट, कुरळे, फणीला दाद न देणारे. मामांना वेणी घालायला मी शिकवलं, बाइंडिंगच्या दोऱ्याची लड खुंटीला टांगून. शाळेत कुणी तिला डांबर म्हणालं, तर मामा शाईने माखलेल्या ॲप्रनवरच शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकेची बोबडी वळवून आले. तेच मामा संध्याकाळी तिला सांगायचे, "उन्हात खेळू नकोस गं. आणि हा जांभळा फ्रॉक नको, तुला तो उठून दिसत नाही." आम्ही या दोन्हीला मायाच म्हणत होतो. आता वाटतं, आमच्यापैकी एकानेही कधी डोकं वापरलं नाही.

भाची मोठी होऊन शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. तीन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले आणि ती चित्रकादंबरी काढायला बसली. तिच्या घराची गोष्ट, चित्रांतून. बाप, आई, शेजारी, शाळा, हॉस्पिटल. एकशे अठ्ठावीस पानं. प्रकाशक बाईंनी विचारलं, "कुठे छापूया?" भाची म्हणाली, "हे काय विचारणं झालं?"

पुस्तकात दोनच शाया होत्या. काळी रेषांसाठी, आणि एक तपकिरी. ही तपकिरी फक्त दोन माणसांच्या अंगावर होती, मुलीच्या आणि तिच्या बापाच्या. बाकी सगळे लोक कोऱ्या कागदाचे, नुसत्या रेषांचे. मला त्यातलं काही कळत नाही, पण पहिला कागद पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या कोऱ्या गर्दीत ही दोघंच सगळ्यांना दिसत होती, लपायला जागा नसल्यासारखी. ही तपकिरी तयार मिळत नाही. मामांनी ती काचेवर स्वतः कालवली. भाची शेजारी उभी राहून आपला हात काचेजवळ धरत होती आणि म्हणत होती, "अजून गडद, मामा. अजून. हां, हे बाबा." मग तिने पहिल्या फॉर्मवर सही केली.

फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. असे आठ फॉर्म छापून, घडी घालून, क्रमाने एकावर एक ठेवून मी शिवते, मग पुस्तक होतं. पहिला फॉर्म छापून झाला आणि भाचीच्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या. "मामा असताना मी येऊन काय करू?" म्हणून ती गेली. दुसऱ्या फॉर्मसाठी नवी शाई कालवायची वेळ आली, तेव्हा मामांनी तिच्यात शाई कालवायच्या पट्टीच्या टोकावर येईल एवढी पांढरी घातली. तिसऱ्याला थोडी जास्त. असं दर फॉर्मला वाढवत आठव्यापर्यंत.

हे मला कसं माहीत? मी फॉर्म जुळवत होते ना! पुस्तक शिवताना कडेने बघितलं तरी कळत होतं, शाई तपासायला कागदाच्या कडेला छापतात ती तपकिरी पट्टी वरून खाली विटत गेली होती. मी विचारलंसुद्धा, "मामा, हा सहावा फिका नाही का आला?" मामा म्हणाले, "फिका नाही. साफ आलाय." सुई म्हणवणारी मी, मूग गिळून गप्प बसले. मालकांना घाबरून नव्हे. खरं सांगायचं तर मलाही ती पोर तशी जास्त छान दिसली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

पुस्तक आलं त्या दिवशी भाचीने पहिली दहा पानं उलटली, रडली, पहिली प्रत मामांना दिली आणि पेढे वाटावेत तशा सगळ्या प्रती वाटत सुटली. आपलंच पुस्तक कोण शेवटापासून बघतं? मामांनी प्रत कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

दहाव्या दिवशी दुपारी, डबे उघडलेले असताना, ती आली. हातात वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा होता आणि चेहरा असा की मी घास खाली ठेवला. तिने मामांसमोर उभं राहून पत्रं वाचायला सुरुवात केली.

पहिलं एका प्राध्यापकांचं. मुलगी पानागणिक फिकी होत जाते, समाज माणसाला कसा पुसत नेतो हे दाखवणारी ही युक्ती पाहून मी थक्क झालो. दुसरं एका आजोबांचं. शेवट गोड केलात, मुलगी गोरी झाली, बरं वाटलं. तिसरं एका बाईचं, भाचीच्या वडिलांच्या लोकांतल्या. सुरुवातीला वाटलं आपल्यातली आहे, शेवटी बघते तर त्यांच्यातली, फसवलंत आम्हाला. चौथं पत्र भाचीने गठ्ठ्यातून वेगळं काढलं. ते हॉस्पिटलातल्या जुन्या सिस्टरचं होतं. "तुझ्या बाबांबरोबर मी वीस वर्षं ड्यूटी केली. शेवटच्या दिवशी त्यांच्या उशाशी मीच होते. तू पलंगावर काढलेला हा माणूस कोण आहे?"

मामा चमचा हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "छपाई चांगली झाली असं कुणीच लिहिलं नाही का?"

मी कपाळाला हात लावला. अहो, त्यांना खरंच कळलं नव्हतं! ते वाट बघत होते की आता कौतुक येईल.

"हे शेवटचं," भाची म्हणाली. "एका शाळेतल्या मुलाने लिहिलंय. पान एकाहत्तरवर मामा मुलीच्या तोंडाला काहीतरी लावतो. काय लावतो? चेहरा आधी आणि नंतर सारखाच दिसतो." तिने पिशवीतून तिचं मूळ चित्र काढलं आणि छापलेलं पान त्याच्या शेजारी ठेवलं. मूळ चित्रात तीन चौकटी होत्या. पहिलीत तपकिरी मुलगी. दुसरीत एक माणूस पावडरचा डबा घेऊन वाकलेला. तिसरीत मुलीचा चेहरा पांढराफटक आणि कान, मान, हात तपकिरी. छापलेल्या पानात तपकिरी इतकी विटली होती की तिन्ही चौकटींत एकच फिकट मुलगी दिसत होती.

त्या माणसाने शाईचे डाग पडलेला ॲप्रन घातला होता.

मामांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. "हा मी आहे?"

"शाळेच्या फोटोच्या दिवशी. आठवत नाही तुला?"

त्यांना आठवत होतं. मलाही आठवत होतं, कारण पावडरचा डबा माझा होता.

"वाचलंस आणि तू केलेलं पुसून टाकलंस ना?" भाची म्हणाली. "सरळ सांग. राग आला असेल तर सांग."

"तुझी शपथ, मी एक पानही वाचलेलं नाही."

"मग पांढरी का घातलीस?"

"चांगली दिसावीस म्हणून." मामा इतकं सहज म्हणाले की मशीनवरच्या पोरांनीही माना वळवल्या. "इतके लोक बघणार तुला."

भाचीला मी लहानपणापासून बघतेय, पडताना, आजारी, आईच्या आणि बापाच्या मृत्यूच्या वेळी. इतकी हादरलेली कधी पाहिली नव्हती. "वाचून केलं असतंस ना मामा, तर मी तुझ्याशी कडकडून भांडले असते," ती म्हणाली. "हे तू प्रेमाने केलंस. आता मी काय करू?" तिने चित्र पिशवीत घातलं. दुसरी आवृत्ती दुसरीकडे छापायला देतेय, एवढं मालकांना सांगितलं आणि निघून गेली.

त्या दुपारी मामांनी मशीन पोरांवर सोडलं, कपाटातली प्रत काढली आणि कागदाच्या रिमांवर बसून वाचली. चित्रांचं पुस्तक वाचायला किती वेळ लागतो? त्यांना सुट्टी होईपर्यंत लागला. पान एकाहत्तरखाली एक ओळ होती, ती त्यांनी मला दाखवली. 'मामाचा हात थरथरत नव्हता. त्याला वाटत होतं, तो मला वाचवतोय.' आणि पुढच्या पानावर बाप शाळेचा तो फोटो हातात घेऊन विचारतो, ही कोण?

"मेव्हणे मला कधी बोलले नाहीत," मामा म्हणाले. "दर रविवारी चहाला जायचो. एकदाही बोलले नाहीत." मग प्रत मिटून म्हणाले, "पुस्तक गेलं तर जाऊ दे, सुई. पोर जायला नको."

पंधरा दिवस भाचीने त्यांचा फोन उचलला नाही. तेवढ्यात वाचनालयाने तिच्या पुस्तकावर वाचकांची बैठक ठेवली. आम्ही न बोलावता गेलो. वरच्या मजल्यावरचा हॉल, चाळीस-पन्नास खुर्च्या, मध्येच दम तोडणारा माइक. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. भाचीने आम्हाला पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

पहिले उठले ते प्राध्यापक. त्यांनी फिक्या होत जाणाऱ्या रंगावर दहा मिनिटं असं काही भाषण केलं की मलाच वाटायला लागलं, आमच्या मामांना पुरस्कार द्यायला हवा. भाची म्हणाली, "ती युक्ती नव्हती. छपाईत थोडा फरक पडला." एवढंच. कुणाकडे बोट नाही, कुणाचं नाव नाही. मामांनी मान खाली घातली. इतकं होऊन ती त्यांना झाकत होती.

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नऊ-दहा वर्षांची असेल, आईबरोबर आलेली, भाचीच्या वडिलांच्या लोकांतली, तसाच रंग, तसेच केस. तिच्या हातात पुस्तक होतं.

"तिने काय लावलं?" तिने विचारलं.

"कुणी, बाळा?" भाची म्हणाली.

"हिने. पहिल्या पानावर माझ्यासारखी आहे आणि शेवटच्या पानावर गोरी. मी दोनदा वाचलं, पण काय लावलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मला पण लावायचंय."

प्राध्यापकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुलीच्या आईने तिचा फ्रॉक धरून तिला खाली ओढलं, पण पोर बसेना, तिला उत्तर हवं होतं. भाचीने माइक तोंडाजवळ नेला. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मामा उभे राहिले होते.

"तिने काही लावलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मशीनवर ओरडून ओरडून घडलेला, माइकची गरज नव्हती. "मी लावलं. हे पुस्तक मी छापलंय. शाईत पांढरी मी मिसळली. तिला न विचारता."

सगळा हॉल मागे वळला. मुलगीही वळली. "का?"

"लोकांनी तिला नावं ठेवू नयेत म्हणून."

"कुठल्या लोकांनी?"

मामांनी हॉलभर नजर फिरवली, जणू ते लोक कुठेतरी बसलेले सापडतील. मग ते म्हणाले, "मीच. लोक म्हणजे मीच. मी तिचा मामा आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्या कुणी. बघता बघता बरेच लोक टाळ्या वाजवू लागले, एका बाईने डोळे पुसले. माझाही जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो बाई एकदाचे. भाचीचा चेहराही जरा सैल झाल्यासारखा दिसला. मामांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं असावं, कारण ते चक्क हसले.

"मग ती खरी कशी होती?" मुलीने विचारलं.

मामा तिच्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाले, "तुझ्यासारखीच होती. तरी खूप छान दिसायची."

टाळ्या थांबल्या. आधी पुढच्या रांगेतल्या, मग मागच्या. मामांना कळेना काय झालं. ते हसतच होते, आणि मग ते हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मी पाहिलं, त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं होतं. त्यांचे डोळे पांढरे झाले. बसायला खुर्ची शोधत त्यांनी हात मागे नेला आणि तो माझ्या खांद्यावर पडला. तो हात थरथरत होता.

"तरी म्हणजे?" मुलगी म्हणाली.

भाची मंचावरून खाली उतरली. मला वाटलं, आता ती सरळ दाराबाहेर जाणार आणि या जन्मात आम्हाला तोंड दाखवणार नाही. पण ती त्या मुलीपाशी जाऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. दोघींचे हात खुर्चीच्या एकाच दांडीवर होते. तिने मागे वळून मामांकडे पाहिलं.

"परत सांग, मामा," ती म्हणाली. "तो 'तरी' काढून सांग."

मामांनी सांगितलं. पण त्यांना ते वाक्य तीन वेळा सुरू करावं लागलं.